संगणकाला आपले नाव कसे कळते?

युनिक्स किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर कळफलकावरून आज्ञा देऊन काम करता येते. आपली आज्ञा वाचून ती पार पाडणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. कार्यप्रणालीच्या गाभ्याभोवतीचे कवच. या शेलमध्ये ‘यूझर’ नावाचे एक चल असते (ते रोमन लिपीत, सगळी अक्षरे कॅपिटल, असे लिहितात). आपण ज्या नावाने संगणकावर प्रवेश केला ते नाव ही त्याची किंमत. रमेश या नावाने प्रवेश केलेल्या विद्यार्थ्याने ही किंमत छापून पाहिली तर पडद्यावर ‘रमेश’ उमटते. आता त्याने ‘यूझर=मुख्याध्यापक’ अशी ओळ टाइप करून एंटरची कळ दाबली, तर संगणक जराही कुरकुर न करता ती मान्य करतो. पुन्हा छापून पाहावे, तर ‘मुख्याध्यापक’!

मग रमेशला मुख्याध्यापकांच्या फायली उघडता येतात का? मुळीच नाही. त्याने नवी फाईल तयार केली तर तिच्या मालकाच्या जागी ‘रमेश’च दिसते. ‘मी कोण?’ असे विचारणारी एक आज्ञा युनिक्समध्ये आहे, तीही ‘रमेश’ असेच उत्तर देते. म्हणजे संगणकाला रमेश कोण हे दुसऱ्याच कुठल्या मार्गाने ठाऊक आहे आणि ‘यूझर’ ही केवळ एक चिठ्ठी आहे. ती कोणीही खोडून पुन्हा लिहावी. अशी सहज बदलता येणारी चिठ्ठी यंत्रात ठेवलीच का, आणि ती खरी मानणाऱ्यांना काय किंमत मोजावी लागली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणकाला माणसाचे नाव विचारण्याची गरज आरंभी नव्हतीच. एका वेळी एकाचेच काम यंत्रावर चाले. कार्डांचा गठ्ठा कोणाचा आहे हे तो हाताळणाऱ्या माणसाला कळले की पुरे. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकाच यंत्राचा वेळ अनेकांमध्ये बारीक बारीक तुकड्यांनी वाटून द्यायचा आणि प्रत्येकाला यंत्र आपल्याच ताब्यात आहे असे वाटू द्यायचे, ही तिची कल्पना. आता प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवणे आले, कोणी किती वेळ वापरला त्याचा हिशेब आला आणि त्यासाठी ‘तू कोण?’ हा प्रश्नही आला. उत्तरादाखल वापरणाऱ्याने आपली ओळख सांगायची आणि ती खरी असल्याची खूण म्हणून परवलीचा शब्द द्यायचा, ही पद्धत तेथे रूढ झाली.

या पद्धतीतल्या फटी दिसायला फार काळ लागला नाही. ॲलन शेर हे तेथील संशोधक विद्यार्थी. त्यांना आठवड्याला चार तासांचा वेळ मिळे आणि तो त्यांच्या कामाला पुरत नसे. १९६२ मध्ये त्यांनी परवलीच्या शब्दांची फाईल छापून देण्याची विनंती कार्डावर पंच करून छपाईच्या कामांत टाकली आणि सगळी यादी त्यांच्या हाती आली! पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच हे सांगून टाकले. १९६६ मध्ये याहून गमतीचा प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते. एकाकडे परवलीच्या शब्दांची यादी होती, तर दुसऱ्याकडे प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची दिवसाची सूचना. एका नावाने एका वेळी एकच माणूस काम करणार असे गृहीत धरून दुरुस्तीचा प्रोग्रॅम लिहिलेला होता, त्यामुळे तात्पुरत्या फायलीला तो नेहमी ठरावीक नाव देई. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्रावर प्रवेश करी त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले. कॉर्बातो यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात ही हकिगत सांगितली आहे. एका नावामागे एकच माणूस असतो हे गृहीतक किती तकलादू आहे ते तेव्हाच दिसून आले होते.

युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. त्यांनी ओळखीचा प्रश्न अगदी साधेपणाने सोडवला. प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक दिला आणि यंत्राच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे तो क्रमांक, एवढेच ठेवले. शिक्षकांना याची कल्पना चटकन येईल. शाळेत मुलाला घरी काय म्हणतात, वर्गात काय म्हणतात, याला महत्त्व नाही. जनरल रजिस्टरमधला क्रमांक हीच त्याची पक्की ओळख, आणि दाखल्यावरही तोच लागतो. युनिक्समधले रजिस्टर म्हणजे ‘पासवर्ड’ नावाची एक साधी मजकुराची फाईल. तिच्या प्रत्येक ओळीत नाव, (पूर्वी) परवलीच्या शब्दाचे सांकेतिक रूप, क्रमांक, घरची डिरेक्टरी आणि सुरू करायचा शेल अशा गोष्टी विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळ्या केलेल्या असतात. प्रत्येक फाईलबरोबर मालकाचा क्रमांक साठवला जातो, नाव नव्हे. फायलींच्या यादीत आपल्याला जे नाव दिसते ते यादी छापताना या रजिस्टरात पाहून लिहिलेले असते. रजिस्टरातली ती ओळ पुसली तर यादीत नावाच्या जागी नुसता आकडा दिसू लागतो.

सुरुवातीला हा क्रमांक एका बाइटमध्ये मावत असे, म्हणजे एका यंत्रावर फार तर २५६ क्रमांक. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत त्याला दोन बाइट मिळाले. शून्य क्रमांकाच्या माणसाला, म्हणजे ‘रूट’ला, कोणतीच बंदी नाही. प्रवेशाच्या नावाला मात्र आठच अक्षरांची जागा ठेवलेली होती. आपल्याकडच्या एखाद्या पुरुषोत्तमाची रोमन लिपीत अकरा अक्षरे होतात. त्याने काय करायचे, याचा विचार न्यू जर्सीत बसून कोण करणार!

आपण प्रवेश करतो तेव्हा काय घडते ते पाहू. ‘लॉगिन’ हा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालत असतो. तो नाव आणि परवलीचा शब्द विचारतो आणि रजिस्टराशी ताडून पाहतो. जुळले तर आपला क्रमांक बदलून रमेशचा क्रमांक धारण करतो आणि शेवटी स्वतःची जागा शेलला देतो. शेलने सुरू केलेल्या प्रत्येक कामाला हाच क्रमांक वारशाने मिळतो. तो गाभ्याच्या ताब्यातल्या तक्त्यात असतो, तिथे रमेशचा हात पोचत नाही. एकदा रमेशचा झालेला क्रमांक मुख्याध्यापकांचा करून घेण्याचा अधिकार रूटवाचून कोणाला नाही. आरंभीच्या प्रयोगात रमेशची फजिती होते ती यामुळे.

आता चिठ्ठीकडे वळू. सहाव्या आवृत्तीपर्यंत एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करताना फक्त आज्ञेतले शब्द पुढे पाठवी. परंतु काही गोष्टी अशा असतात की त्या प्रत्येक आज्ञेत सांगत बसणे कंटाळवाणे होते. घरची डिरेक्टरी कोणती, आज्ञा कोणकोणत्या डिरेक्टरींमध्ये शोधायच्या, समोरचा टर्मिनल कोणत्या जातीचा, वगैरे. बेल प्रयोगशाळेतीलच जॉन मॅशी यांनी आपल्या शेलमध्ये यासाठी एकेका अक्षराची चले ठेवली होती. त्यावरून पुढे, सातव्या आवृत्तीत, एक सर्वसाधारण सोय आली. ‘नाव=किंमत’ अशा ओळींचा एक गठ्ठा प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच मिळू लागला. या गठ्ठ्याला इंग्रजीत एन्व्हायरन्मेंट असे नाव पडले. आपण परिसर म्हणू आणि त्यातील ओळींना परिसर-चले. शाळेतल्या परिसर अभ्यासाशी त्यांचा संबंध नाही एवढे लक्षात असू द्यावे. स्टीफन बोर्न यांचा नवा शेल याच आवृत्तीबरोबर आला. त्यात चलाला किंमत देणे ही एक पायरी आणि ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे ते चल पुढच्यांना द्यायचे आहे असे सांगणे ही दुसरी. बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी-शेलमध्ये ‘सेटएन्व्ह’ या एकाच आज्ञेत दोन्ही होत.

या परिसराचा एक गुण विद्यार्थ्यांना हमखास बुचकळ्यात टाकतो. परिसर आईकडून मुलाकडे जातो, उलट कधीच येत नाही. आईने शिदोरी बांधून दिली. मुलाने वाटेत त्यात चटणी वाढवली किंवा भाकरी टाकून दिली, तरी घरच्या डब्यातल्या भाकऱ्यांत फरक पडत नाही. शेलने दुसरा शेल सुरू केला, त्यात ‘यूझर’ बदलले आणि बाहेर पडलो, की जुने नाव जसेच्या तसे. प्रत्येकाला मिळते ती प्रत, मूळ वस्तू नव्हे. आज्ञांची फाईल लिहून तिच्यातून चले बदलायला जाणारे कित्येक जण इथेच अडतात.

सातव्या आवृत्तीतील लॉगिन परिसरात दोनच ओळी ठेवी, घर आणि आज्ञा शोधण्याचा मार्ग. नाव त्यात नव्हते. बर्कलीच्या आवृत्तीत ‘यूझर’ आले. बेलच्या घरच्या शाखेत, म्हणजे पुढे सिस्टिम फाइव्ह झालेल्या शाखेत, त्याच कामासाठी ‘लॉगनेम’ आले. एकाच वस्तूला घाटावर एक शब्द आणि कोकणात दुसरा, तसे हे झाले. क्रमांकावरून नाव काढता येत असताना ते वेगळे ठेवण्याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे, क्रमांकावरून नाव शोधायचे तर रजिस्टर पहिल्या ओळीपासून वाचत जावे लागे. शेकडो विद्यार्थी असलेल्या विद्यापीठात प्रत्येक टपाल-प्रोग्रॅमने दर वेळी ते करणे जड होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एकाच क्रमांकाला रजिस्टरात दोन नावे देता येतात. बर्कलीच्या परंपरेत शून्य क्रमांकाचे ‘रूट’ असते आणि शून्याचेच ‘टूर’ही असते, रूटची अक्षरे उलटी लिहून केलेले नाव. आत आलेला माणूस यांपैकी कोणत्या नावाने आला हे नुसत्या क्रमांकावरून सांगता येत नाही. तेवढ्यापुरती चिठ्ठी उपयोगाची.

१९८८ मध्ये पॉसिक्स हे प्रमाण ठरले, त्यात ‘लॉगनेम’ला मान मिळाला. प्रमाणाच्या स्पष्टीकरणात असा इशाराही दिलेला आढळतो की, या चलाची किंमत खोटी लिहिणे सोपे असते, म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे ओळख पटवण्यासाठी दुसरे साधन वापरावे. लिनक्समध्ये आज दोन्ही चले सापडतात. त्यांतही एक विचित्र तपशील आहे. ‘एसयू’ या आज्ञेने आपण दुसऱ्याचा अधिकार घेतला तर दोन्ही चले बदलतात, परंतु नुसत्या ‘एसयू’ने रूट झालो तर ती जुनीच राहतात. म्हणजे क्रमांक शून्य आणि चिठ्ठीवर रमेश! मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्येही १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून परिसर-चले आणि ‘सेट’ ही आज्ञा होती, पण वापरणारा कोण हा प्रश्नच डॉसला पडत नसे. विंडोज एनटीमध्ये (१९९३) ‘यूझरनेम’ हे चल मिळू लागले. तेही रमेशला बदलता येते, आणि तेथेही खरी ओळख एका लांबलचक क्रमांकात वेगळी ठेवलेली असते.

इथपर्यंत सारे निरुपद्रवी वाटते. अडचण सुरू होते ती चिठ्ठी अधिकार असलेल्या माणसाच्या हाती पडते तेव्हा. रमेशला आपला परवलीचा शब्द बदलायचा आहे, पण रजिस्टर लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला. यावर रिची यांनी एक फार सुंदर तोड काढली. काही निवडक प्रोग्रॅमच्या फायलींवर एक खूण करायची. असा प्रोग्रॅम कोणीही सुरू केला तरी तो फायलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले आणि पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. मात्र अशा प्रोग्रॅमला अधिकार रूटचा असला तरी परिसर मिळतो तो रमेशच्या शेलमधला. शेलमध्ये शब्द कोणत्या चिन्हावर तोडायचे हे सांगणारे एक चल असते. रमेशने त्यात तिरकी रेघ लिहून ठेवली आणि रूटच्या अधिकाराने चाललेल्या प्रोग्रॅमने शेलकरवी ‘/बिन/मेल’ ही आज्ञा चालवली, तर जुना शेल ती रेघेवर तोडून ‘बिन’ नावाची आज्ञा शोधू लागे. ‘बिन’ नावाचा प्रोग्रॅम रमेशने आधीच लिहून ठेवलेला असे! ही युक्ती एके काळी चांगलीच प्रसिद्ध होती. पुढे शेलनी हे चल परिसरातून घेणे सोडले आणि अधिकाराचे प्रोग्रॅम आल्या आल्या परिसर झाडून टाकू लागले.

आता खुद्द नावाची गोष्ट. बर्कलीच्या मंडळींनी १९८० च्या दशकात एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी ‘आरलॉगिन’ आणले. पलीकडच्या यंत्रावर विश्वास असेल तर पुन्हा परवलीचा शब्द विचारायचा नाही, ही सोय. त्यासाठी लॉगिनला एक पर्याय मिळाला: डॅश आणि एफ हे अक्षर, त्यापुढे नाव. अर्थ असा, की या माणसाची ओळख आधीच पटली आहे, त्याला आत घ्या. आज्ञेतला जो शब्द डॅशने सुरू होतो तो पर्याय, बाकीचे शब्द म्हणजे नावे, असा युनिक्सचा संकेत आहे. आता कोणी आपले नावच ‘डॅश-एफ-रूट’ असे सांगितले तर? सेवा देणारा प्रोग्रॅम ते नाव आहे असे समजून लॉगिनकडे पाठवतो. लॉगिनला ते नाव वाटतच नाही, हुकूम वाटतो. रूटची ओळख पटली आहे, आत घ्या. १९९४ मध्ये आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत आणि काही लिनक्स यंत्रांवर हेच घडू शकते असा इशारा प्रसिद्ध झाला. हजेरीच्या वेळी नाव विचारल्यावर मुलाने ‘सगळ्यांना सुट्टी’ असे उत्तर द्यावे आणि शिपायाने ते ऐकून घंटा वाजवावी, तसा हा प्रकार.

त्याच सुमारास टेलनेट या दूरस्थ प्रवेशाच्या पद्धतीत परिसर-चले जाळ्यावरून पलीकडे पाठवण्याची सोय प्रमाणित झाली (जानेवारी १९९४). ‘यूझर’ हे त्यातले एक मान्य चल. घरची चिठ्ठी आता परगावी जाऊ लागली. फेब्रुवारी २००७ मध्ये सन कंपनीच्या सोलॅरिस १० या प्रणालीत आढळले की टेलनेटची सेवा आलेल्या ‘यूझर’ची किंमत न तपासता लॉगिनच्या हाती देते. नावाच्या जागी डॅश-एफ आणि रूट, की परवलीच्या शब्दावाचून दार उघडे. तेरा वर्षांपूर्वीचीच चूक, वेगळ्या घरात. काही दिवसांतच तिचा फायदा घेणारा एक संगणकीय किडा जाळ्यावर फिरू लागला.

हे वाचून वाटेल की निदान त्यानंतर तरी प्रत्येकाने आपापले दार तपासले असेल. जानेवारी २०२६ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या टेलनेट सेवेत पुन्हा तेच सापडले. ‘यूझर’मध्ये ‘डॅश-एफ रूट’ लिहायचे, नाव आपोआप पाठवण्याचा पर्याय देऊन टेलनेट सुरू करायचे, आणि पलीकडे रूटचा शेल हजर. ही चूक २०१५ मध्ये केलेल्या एका बदलाबरोबर आत आली होती. जवळजवळ अकरा वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नाही. संगणकशास्त्रात काही अवघड कोडे न सुटल्यामुळे हे झाले असे म्हणता येत नाही. उपाय १९९४ मध्येही ठाऊक होता आणि तो एका ओळीचा आहे. बाहेरून आलेल्या नावाचे पहिले अक्षर डॅश असेल तर ते नाव नाकारायचे. दुसरी वाट अशी, की आज्ञेत नावाच्या आधी दोन डॅश लिहायचे. ‘येथे पर्याय संपले, पुढचे सर्व नुसते शब्द समजावेत’ असा त्या दोन डॅशांचा अर्थ असून तो युनिक्सच्या प्रोग्रॅमांत फार पूर्वीपासून रूढ आहे.

लिनक्स असलेले एखादे यंत्र शाळेत असेल तर आरंभी सांगितलेला प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. ‘यूझर’ बदलावे, एक्स्पोर्ट करावे, दुसरा शेल सुरू करून नवे नाव तेथे पोचले की नाही ते पाहावे, एक फाईल तयार करून तिचा मालक तपासावा आणि ‘मी कोण?’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक पायरीला काय दिसेल याचा अंदाज त्यांना आधी वहीत लिहायला सांगावा, मग एंटरची कळ दाबू द्यावी. यात कोणाच्या फायलींना धोका नाही. शेल बंद केला की चिठ्ठीही गेली.